पाच काळे पडदे आणि एक कोरी नोंद

१

सोमवारी सकाळी नियोजनाच्या खोलीत सहापैकी पाच पडदे मेलेले सापडले.

मेलेले म्हणजे बंद नव्हेत. बंद पडलेल्या वस्तूबद्दल माणसाला आशा असते. तो प्लग हलवतो, टपली मारतो. इथे दिवे लागलेले होते, पंखे घरघरत होते आणि काळ्याभोर पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. बोलायला तोंड उघडावं आणि काय बोलायचं तेच विसरावं, तशी.

या खोलीत कर्करोगाच्या रुग्णांच्या उपचाराचे नकाशे बनत. गाठ कुठे आहे, किरण कुठून सोडायचे, वाटेतला कोणता अवयव वाचवायचा, हे पडद्यावर रंगवून ठरायचं आणि मग तळघरातल्या मोठ्या यंत्राकडे जायचं. नकाशा नाही तर किरण नाहीत. बाहेरच्या बाकांवर माणसं सकाळपासून येऊन बसली होती. ती तक्रार करत नव्हती. आजारी माणसं तक्रार करत नाहीत, नुसती बघतात. त्यापेक्षा तक्रार परवडली.

साहेबांनी पंचनाम्यांना बोलावून घेतलं.

पंचनामे हे त्यांचं आडनाव नव्हे. संगणक बिघडला की ते दुरुस्तीआधी चौकशी करत, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तो कुणी, कधी, कोणत्या मनःस्थितीत घातला याचा छडा लावत. म्हणून रुग्णालयाने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. खरं आडनाव आता पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं.

"शुक्रवारी तुमच्या वहिनींनी पडदे चालवणारा नवा ड्रायव्हर टाकला," साहेब म्हणाले. "आणि सोमवारी पडदे गेले. दोन आणि दोन चार."

"ड्रायव्हर सहाही यंत्रांवर टाकला होता. सहावं चालू आहे," पंचनामे म्हणाले.

"मग दोन आणि दोन साडेतीन. पंचनामे, चार वाजता बैठक आहे. वरची माणसं येतायत. मला एक कारण आणि एक नाव हवंय. कारण नसलं तरी चालेल."

वहिनी त्यांच्या खऱ्याखुऱ्या वहिनी. थोरला भाऊ गेला तेव्हा घरात दोन शाळकरी मुली होत्या आणि वहिनींच्या हातात जुनी, गंजलेली पदवी. पंचनाम्यांनी शब्द टाकून त्यांना इथे चिकटवलं. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचं काम त्या शिकल्या आणि इतक्या रुळल्या की सगळं रुग्णालय त्यांना वहिनी म्हणू लागलं. साहेबांपेक्षा मोठे साहेबसुद्धा. पण नोकरी अजून कंत्राटीच होती. कायम करण्याचा कागद या आठवड्यात सहीला आला होता. तो साहेबांच्या टेबलावर, पंचनाम्यांच्या डोळ्यांसमोर पडला होता, आणि त्यावर साहेबांनी पाण्याचा ग्लास ठेवला होता. पन्नाशीच्या बाईला इथून काढलं तर दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. तिघे म्हणजे साहेब, पंचनामे आणि तो कागद.

"नाव मी शोधून देतो," पंचनामे म्हणाले.

"शोधा की. मी पेन्सिलीने एक लिहून ठेवलंय. खोडता येतं."

२

वहिनी मेलेल्या यंत्रांपैकी पहिल्यासमोर हाताची घडी घालून बसल्या होत्या. प्रेताशेजारी बसावं तशा.

"भाऊजी, मी नेहमीसारखंच केलं," त्या म्हणाल्या. "कंपनीने पॅकेज दिलं, ते टाकलं. वर एक सुटी फाइल दिली होती, आपल्या कार्डासाठी खास. ती आधी माझ्या फोल्डरमध्ये उतरवली, तपासली, मग जागेवर हलवली."

"हलवली?"

"म्हणजे काय, इकडची उचलून तिकडे ठेवली. मागे पसारा कशाला ठेवायचा? वर्षानुवर्षं असंच करतेय."

"सहाव्यावर पण?"

"सहाव्यावर मॅडम बसल्या होत्या. त्या कुठल्या उठतायत? मी फाइल पाठवली, पासवर्ड घातला, बाकीचं त्यांनी केलं. मी बाजूला उभी होते." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "भाऊजी, कागदाचं काय झालं?"

"टेबलावर आहे."

"ग्लास अजून वर आहे का?"

पंचनामे सहाव्या यंत्राकडे वळले. तेच उत्तर होतं.

मॅडम म्हणजे किरणांचे नकाशे काढणाऱ्या तज्ज्ञ. सगळा दिवस आता एका पडद्यावर येऊन पडल्यामुळे त्या नजर न हलवता बोलत होत्या.

"संशयित म्हणून आलात की माणूस म्हणून?"

"तुम्ही ती फाइल जागेवर कशी ठेवली?"

"कॉपी केली. मी काहीही हलवत नाही. मूळ वस्तू हलवायची नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. माझं मूत्रपिंड कुठे हलवलंत म्हणून रुग्ण विचारेल उद्या."

त्यांच्या फोल्डरमध्ये ती फाइल खरंच अजून पडून होती. तिच्या आजूबाजूला शेकडो इतर फाइली होत्या, काही त्यांच्या लग्नाच्या. पंचनाम्यांनी आयुष्यात एवढा पसारा पाहिला नव्हता. आणि हेच एक यंत्र जिवंत होतं.

तिसरे कुलूपराव. सुरक्षेची धोरणं त्यांच्याकडे. स्वतःच्या डब्यालाही ते कुलूप लावत अशी वदंता होती. ती खरी होती. ही यंत्रं ज्यावर चालत त्या लिनक्सच्या पोटात एक पहारेकरी बसलेला असतो. तो माणसाचं तोंड बघत नाही, फाइलच्या छातीवरचा बिल्ला बघतो: ही घरची, म्हणजे कोणाच्या तरी स्वतःच्या फोल्डरची; ही सरकारी, म्हणजे यंत्राची; ही पाहुणी. ज्या बिल्ल्याला जिथे परवानगी, तिथेच प्रवेश. मात्र या रुग्णालयात आजवर त्याला एवढंच सांगितलेलं होतं की अडवू नकोस, फक्त लिहून ठेव. कोणी नियम मोडला तर तो वहीत टिपायचा आणि दार उघडायचा. पुष्कळ संस्था अशाच चालतात.

"शनिवारी मी त्याला अडवायचा हुकूम दिला," कुलूपराव म्हणाले. "तपासणी येतेय ना. पण आंधळेपणाने नाही हं. आधी महिनाभर त्याची नोंद रोज वाचली. ग्राफिक्सबद्दल एक ओळ नव्हती. कोणी नियम मोडतच नव्हतं, मग अडवलं तर कोण अडणार?"

"आणि आज सकाळची नोंद?"

"तीच तर गंमत आहे." कुलूपरावांचा चेहरा गंमत सांगणाऱ्याचा नव्हता. "पाच खून झाले आणि पहारेकऱ्याच्या वहीत काहीच नाही. त्याने कोणाला अडवलंच नाही. पंचनामे, माझा माणूस निर्दोष आहे."

पंचनामे जिन्यात थांबले. ड्रायव्हर सहाही ठिकाणी एकच. पहारेकरी सहाही ठिकाणी एकच. फरक एवढाच, की पाच ठिकाणी वस्तू उचलून नेली होती आणि सहाव्या ठिकाणी तिची नक्कल ठेवली होती. आणि वही कोरी होती.

कोरी वही ही पंचनाम्यांना कधीच आवडत नसे. ज्या घरात अजिबात भांडणं होत नाहीत, तिथे कोणीतरी बोलणं सोडलेलं असतं.

३

खुनाची पद्धत त्यांना लवकर सापडली, कारण ती साधी होती.

नवी नक्कल जिथे जन्मते, तिथला बिल्ला तिला मिळतो. पण उचलून नेलेली वस्तू आपला जुना बिल्ला छातीवर घेऊनच जाते. वहिनींच्या घरच्या फोल्डरमधून हललेली फाइल सरकारी जागेत जाऊन बसली खरी, पण छातीवर बिल्ला घरचाच. पडदा उभा करणारा प्रोग्राम तिला हाक मारायला गेला, की पहारेकरी म्हणणार: ही घरची बाई इथे कशाला? चल, बाहेर हो. पडदा काळा.

सुचलेलं खरं आहे का, हे बघायला त्यांनी एका यंत्रावर बिल्ले पुन्हा बरोबर लावण्याची कमांड दिली. एक ओळ. यंत्र चालू केलं. पडदा उजळला आणि त्यावर कोणाचं तरी फुप्फुस दिसू लागलं. पंचनाम्यांना ते फार सुंदर वाटलं.

जेवणाच्या सुट्टीआधी पाचही पडदे उठून बसले. बाहेरच्या बाकावरचं पहिलं नाव पुकारलं गेलं. पहारेकरी जागेवर होता, अडवत होता, आणि तरी सगळं चालत होतं. पंचनाम्यांच्या नोकरीत असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले होते, आणि त्यांतली काही बोटं शंकास्पद होती.

पण कोरी वही कोरीच होती. पहारेकऱ्याने अडवलं होतं हे आता सिद्ध झालं. मग त्याने लिहिलं का नाही? त्याहून वाईट म्हणजे, वहिनी वर्षानुवर्षं फाइली अशाच हलवत होत्या. महिनाभर कुलूपराव वही वाचत होते तेव्हाही पहारेकऱ्याने ओळीवर ओळ लिहायला हवी होती. ती ओळ असती, तर शनिवारी हुकूम निघालाच नसता. वस्तू हलवणाऱ्याचा हा अपराध नव्हता. वस्तू जगात सगळेच हलवतात. खरा गुन्हेगार तो, ज्याने पहारेकऱ्याला मुकं केलं.

अशी एक सोय असते. पहारेकऱ्याला सांगता येतं की अमुक गोष्ट अडव, पण तिची नोंद करू नकोस. फार बडबड होते तेव्हा वापरायची. आणि असे सगळे गप्प बसण्याचे हुकूम तात्पुरते उठवण्याचीही सोय असते. पंचनाम्यांनी ते एका यंत्रावर उठवले आणि एक फाइल मुद्दाम हलवून पाहिली.

पहारेकरी बोलू लागला. पडद्यावरून ओळी धबधब्यासारख्या कोसळल्या. वर्षानुवर्षं तोंड दाबलेला माणूस बोलायला लागला की असाच बोलतो. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा.

मग त्यांनी गप्प बसण्याचे हुकूम एकेक करून चाळले. बाकीचे लिनक्सबरोबरच कारखान्यातून आलेले होते. एक मात्र इथेच, या इमारतीत, कोणीतरी हाताने लिहिलेला होता. दोन ओळींचा, नीटनेटका. घरचा बिल्ला असलेल्या फाइलीला ग्राफिक्सच्या वाटेवर पाहिलंस, तर लिहू नकोस. एवढंच. ना कमी, ना जास्त.

पंचनामे त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत बसले. मग खुर्ची मागे सारून उठले आणि चौकशीला निघाले.

४

आधी कंपनीच्या माणसाला फोन लावला.

"तुमच्या ड्रायव्हरबरोबर सुरक्षेचा एखादा नियम येतो का? नोंद बंद करणारा?"

"रीस्टार्ट करून पाहिलं का?"

"पडदे चालू आहेत. मी नियमाबद्दल विचारतोय."

"चालू आहेत? मग रीस्टार्ट करू नका."

"नियम तुमचा असू शकेल का? एवढंच सांगा. असू शकेल म्हणालात तरी पुरे."

 मग तो माणूस जरा माणसासारखा म्हणाला, "साहेब, आम्ही पहारेकऱ्याच्या वाटेला जातच नाही. आम्ही सरळ तो बंद करा म्हणून सांगतो."

मॅडमकडे गेले. "तुम्हाला कधी कोणी पासवर्ड सांगितला होता? चुकून? आठवून बघा."

"पंचनामे, मला माझ्या मोबाइलचा पासवर्ड आठवत नाही." त्यांनी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. "तुम्ही जेवला नाहीत का?"

कुलूपरावांकडे गेले. "हा नियम तुमच्या हातून गेला असेल का? सुरुवातीच्या दिवसांत?"

कुलूपरावांनी नियम वाचला, त्याची तारीख पाहिली. "हा मी इथे लागण्याच्या आधीचा आहे. मी तेव्हा एका गोदामाची कुलपं सांभाळत होतो." ते नियमाकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. "म्हणजे महिनाभर मी एका मुक्या माणसाला विचारत होतो, सगळं ठीक आहे ना? आणि तो मान हलवत होता."

"तुमचा दोष नाही."

"नोंद वाचणाऱ्याने आधी विचारायला नको का, काय काय लिहायचं नाही असं ठरलंय? पहिला प्रश्न तोच." त्यांनी डब्याची किल्ली खिशातून काढली, पाहिली आणि परत ठेवली. "मी कधी विचारलंच नाही हो."

शेवटी पंचनामे साहेबांकडे जाऊन आले. साहेब पूर्वी कधी तांत्रिक विभागात होते का, असं त्यांनी आडून आडून विचारलं.

"मी?" साहेब दुखावले. "मी कायम व्यवस्थापनात होतो."

पंचनामे व्हरांड्यात येऊन उभे राहिले. बाकांवरची रांग सरकत होती. एका म्हाताऱ्याने बाजूला सरून त्यांना जागा करून दिली. त्यांना रुग्ण समजून.

५

बैठकीला वरची माणसं आली नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की निष्कर्ष कळवा. म्हणून साहेब, कुलूपराव, मॅडम, वहिनी आणि पंचनामे असे पाचजण लांबलचक टेबलाच्या एकाच टोकाला बसले.

पंचनाम्यांनी सगळं सांगितलं. बिल्ला, हलवणं आणि नक्कल, अडवणं, मुका पहारेकरी. वहिनींनी फाइल हलवली हे खरं. पण नोंद बोलकी असती, तर ती गोष्ट महिनाभर आधीच उघडी पडली असती, एका ओळीत दुरुस्त झाली असती आणि आज एकही पडदा गेला नसता. तेव्हा वहिनींचं नाव खोडावं.

साहेबांनी रबर शोधलं. "मग कोणाचं लिहू? पहारेकऱ्याला मुकं कोणी केलं?"

"ते कळू शकलं नाही," पंचनामे म्हणाले.

त्यांनी आजवर लिहिलेल्या एकाही अहवालात हे वाक्य नव्हतं. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मग माझं लिहा," कुलूपराव म्हणाले. "हुकूम मी दिला. नोंद मी वाचली. कोरी वही बघून ज्याला संशय येत नाही, त्याने कुलपं सांभाळू नयेत. राजीनामा उद्या देतो."

साहेबांनी खरोखरच सुटकेचा श्वास सोडला. पेन्सिल कागदाला टेकली. पंचनामे टेबलाकडे बघत होते. आता काही बोलायचं नव्हतं. नुसतं बोलायचं नव्हतं, एवढंच काम होतं. आणि ते त्यांना जमत होतं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, पुढचं सांगा."

"पुढचं नाही काही."

"आहे. तुम्ही अर्ध्यावर सोडत नाही कधी."

"वहिनी, राहू दे."

"मग मी सांगते." त्या साहेबांकडे वळल्या. "नियम एवढासा आहे म्हणालेत ना हे? फक्त घरच्या बिल्ल्यापुरता, फक्त ग्राफिक्सपुरता. ज्याला नोंदीचा नुसता कंटाळा येतो तो सगळीच नोंद बंद करतो. एवढंसं तोंड तोच दाबतो, ज्याला ठाऊक असतं की तक्रार नेमकी कशाची आहे. फाइली घरून कोण हलवायचं? मी. तेव्हा कुलूपराव नव्हते. मॅडमकडे पासवर्ड नाही. साहेब, तुम्ही..."

"मी व्यवस्थापनात होतो," साहेब म्हणाले.

"मग राहिलो दोघं. मी आणि भाऊजी. भाऊजींनी लिहिला असता तर त्यांना आठवलं असतं."

खोलीत यंत्रांची घरघर ऐकू येत होती. भिंतीपलीकडची, चालू यंत्रांची.

"त्या वेळी पहारेकरी दिवसभर तेच लिहायचा," वहिनी म्हणाल्या. "एकच ओळ, हजार वेळा. एके दिवशी लिहून लिहून डिस्क भरली आणि सगळं ठप्प झालं. बाहेर माणसं बसलेली. तो काय म्हणतोय ते मी वाचलं, अडवत तर नाहीच आहे म्हटलं, मग कशाला बोलतोय? दोन ओळींत गप्प केला. त्या दिवशी सगळ्यांचे उपचार झाले. मला शाबासकी मिळाली होती. मी विसरूनही गेले. आत्ता भाऊजी मुका म्हणाले तेव्हा आठवलं."

कुलूपराव हळूच म्हणाले, "वहिनी, मी राजीनामा देतो म्हटलं होतं ना. कशाला?"

"तुम्हाला दोन लहान मुलं आहेत. माझ्या मुली आता मोठ्या झाल्या. तेवढ्या मोठ्या नाहीत, पण झाल्या."

साहेबांनी रबर खाली ठेवलं. पेन्सिलीने लिहिलेलं नाव मुळात खोडलंच नव्हतं. त्यावर पेनाने गिरवलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी अक्षर नेहमीपेक्षा चांगलं काढलं. मग त्यांनी निर्णय सांगितले. वहिनींचं कंत्राट महिनाअखेर संपेल. ड्रायव्हरचं काम कुलूपराव जादा म्हणून बघतील. आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून पहारेकऱ्याचा अडवण्याचा हुकूम आजपासून रद्द.

"पण आता सगळं नीट चालतंय," पंचनामे म्हणाले. "पहारा चालू ठेवून. दुपारपासून."

"म्हणूनच. चालतंय तोवर काढून टाका."

"निदान तो गप्प बसण्याचा नियम तरी काढू द्या."

साहेबांनी जरा विचार केला. "तपासणी कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात," कुलूपराव म्हणाले.

"मग राहू दे. वही कोरी दिसलेली बरी."

६

दोघं मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे रुग्णांच्या गाड्या उभ्या करायची जागा होती. गाड्यांत नातेवाईक खुर्ची मागे पाडून झोपलेले होते, तोंड उघडं टाकून. वहिनींच्या खांद्याला पिशवी होती आणि पंचनाम्यांनी ती घ्यायला दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा वहिनींनी खांदा बदलला.

"मुलींना आज सांगू नका," त्या म्हणाल्या. "धाकटीची परीक्षा होऊ दे."

"बरं."

"आणि तुम्ही तोंड पाडून बसू नका. हसू येतं मला तुमचं तोंड बघून. तुमच्या दादांचं अगदी असंच व्हायचं."

पंचनाम्यांनी चेहरा सरळ करायचा प्रयत्न केला. फाटकाशी पहारेकरी होता, खरा, हाडामांसाचा. त्याने दोघांच्या छातीवरचे बिल्ले पाहिले आणि मान हलवली.

रस्त्यावर आल्यावर वहिनी थांबल्या.

"भाऊजी, तुम्हाला कधी कळलं? बैठकीत?"

"नाही. जेवणाआधी. दोन ओळी पाहिल्या तेव्हाच."

"मग दुपारभर काय करत होता?"

"दुसरं कोणी सापडतंय का, ते बघत होतो."